निशापुरी छापाची मातीची सुरई: एक पाझरली नाही, एक पाझरली

आधी स्टार सांगून टाकते, ज्यांना घाई आहे ते इथूनच पुढे जातील. पहिली सुरई २ स्टार, दुसरी ४ स्टार, दुकान तेच. दुकानाचं नाव लिहीत नाहीये, कारण एकटा माणूस घरून चालवतो, दुसऱ्या वेळी नीट वागला, उगाच कुणाच्या पोटावर पाय कशाला द्या. पण "मध्ययुगीन इस्लामिक रेप्लिका" म्हणून मातीची भांडी विकणारे ऑनलाइन बरेच झालेत आणि मी जी चूक केली ती कुणीही करेल, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

मी मूळची जळगावची, आता न्यू जर्सी. जळगावची म्हटल्यावर माठाबद्दल माझी मतं ठाम असणार हे ओघानेच आलं. मे महिन्यात ४५ डिग्रीत ज्या घरात फ्रिज असूनही सगळे माठावर झेपावतात त्या घरातली मी. इथे आल्यापासून काचेच्या बाटलीतलं फ्रिजचं पाणी पितेय आणि दरवर्षी उन्हाळ्यात आईला फोनवर तेच रडगाणं ऐकवते.

तर झालं असं की एका रविवारी न्यूयॉर्कला मेट म्युझियममध्ये गेलो होतो, नवऱ्याला चिलखतं आणि तलवारी बघायच्या होत्या, मी दुसऱ्या मजल्यावर इस्लामिक आर्टच्या दालनांत फिरत बसले. तिथे इराणच्या निशापूरच्या वस्तू आहेत. निशापूर म्हणजे खोरासानमधलं, उमर खय्यामचं गाव, जवळच फिरोज्याच्या खाणी. मेटच्याच लोकांनी १९३५ ते १९४० आणि मग परत १९४७ मध्ये तिथे खोदकाम केलं आणि जे मिळालं ते तेहरानच्या म्युझियममध्ये आणि यांच्यात वाटून घेतलं. लोक थांबतात ते पांढऱ्या वाडग्यांपाशी, ज्यांच्यावर काळ्या अक्षरांत कूफी या जुन्या अरबी लिपीत लिहिलंय, आणि ते आहेतच तसे, प्रश्नच नाही. मी मात्र घरी येऊन म्युझियमच्या वेबसाइटवर तासन्‌तास बघत बसले ती बिनचकाकीची भांडी. साधी पिवळट-करडी माती, ग्लेझ नाही, रंग नाही, पण अख्ख्या पोटावर उठावाची नक्षी, मण्यांच्या माळा, फुलांच्या चकत्या, वेली, मध्येच पळणारे प्राणी, खांद्यावर अक्षरांचा पट्टा. आणि हे सगळं हाताने कोरलेलं नाही, साच्यातून काढलेलं! म्हणजे ११व्या-१२व्या शतकात एका साच्यातून एकसारख्या सुरया काढून बाजारात ठेवत होते. आपण ज्याला मास प्रॉडक्शन म्हणतो त्याचं मातीतलं रूप. नुसती भांडीच नाही तर साचेसुद्धा सापडलेत, ते पण भाजलेल्या मातीचेच, आतल्या बाजूने नक्षी खोदलेली. तिकडे तुर्कमेनिस्तानात मर्वला तर अशा भांड्यांच्या भट्ट्याही मिळाल्यात. मग १२२१ मध्ये मंगोल आले आणि दोन्ही शहरांचं जे झालं ते झालं.

मला लगेच वाटलं की ही तर आपली सुरई. आणि वाटण्यात चूक काहीच नव्हती, कारण "सुरई" शब्दच तिकडून आलाय, अरबी-फारसीतून, आणि जुन्या मराठीतला "कुजा" म्हणजे फारसी "कूझा", तोच. भांडं आणि नाव दोन्ही एकाच वाटेने आलेत की काय कोण जाणे, नाव तर नक्कीच आलं.

त्या रात्री १ वाजता (ऑनलाइन खरेदी रात्री १ वाजता करू नये हे वेगळं सांगायला नको) हे दुकान सापडलं. "निशापूर सुरई, ११वं शतक, हँडमेड रेप्लिका", उंची २२ सेंटीमीटर, पाणी मावतं साधारण १ लिटर, ६८ डॉलर, वर १४ शिपिंग. फोटो फारच सुंदर. खाली मोठ्या अक्षरांत "१०० टक्के लीकप्रूफ, आतून सील केलेली". आणि मी, जळगावची मुलगी, हे वाचून खूश झाले की चला, ओटा ओला होणार नाही. त्या क्षणी माझं डोकं कुठे होतं देव जाणे.

पॅकिंग उत्तम होतं, त्याला पूर्ण मार्क. दुहेरी खोका, मध्ये भुसा, एक टवकासुद्धा नाही. बाहेर काढली आणि पाच मिनिटं हातात घेऊन बसले. मग चष्मा लावला.

पहिली गोष्ट, सांधा. खऱ्या निशापुरी सुरयांचं पोट दोन वाट्यांचं असतं, खालची वाटी एका साच्यात दाबायची, वरची दुसऱ्या साच्यात, थोडी वाळून आवळली की एकीवर एक ठेवून पोटाच्या सगळ्यात रुंद भागाशी जोडायची, मग मान आणि कान वेगळे करून वर लावायचे. म्हणजे सांधा आडवा, कमरपट्ट्यासारखा, आणि तो झाकला जाईल अशीच नक्षी आखलेली. माझ्या सुरईला सांधा उभा! मानेपासून बुडापर्यंत दोन्ही बाजूंनी सरळ रेघ, सशाच्या बरोब्बर मानेवरून गेलेली. याचा अर्थ ही दाबून केलेलीच नाही, प्लास्टरच्या डाव्या-उजव्या साच्यात पातळ माती ओतून काढलीय, शोभेच्या बाहुल्या काढतात तशी. बरं, त्यात वाईट काही नाही, पण मग "११व्या शतकाच्या पद्धतीने" असं लिहू नका ना.

दुसरी गोष्ट, नक्षी बुजलेली. लांबून मस्त, जवळून बघितलं तर मण्यांच्या माळेतले मणी एकमेकांत मिसळलेले, साबुदाण्याची खिचडी गचका झाल्यावर दिसते ना तसे. साच्याचं एक गणित असतं, माती वाळताना आणि भाजताना आकसते, दहाएक टक्के धरा, आणि तयार भांड्यावरून परत साचा काढला की तो मूळपेक्षा लहान आणि बोथट निघतो, त्यातून काढलेलं भांडं त्याहून लहान आणि बोथट. झेरॉक्सची झेरॉक्स. जुन्या कुंभारांचे साचेही वापरून वापरून झिजायचेच, म्हणून बुजलेल्या खऱ्या सुरयाही असतील, पण तो झिजण्याचा बोथटपणा, हा आळसाचा.

तिसरी गोष्ट मला कळलीच नसती. ऑफिसात एक इजिप्तचा सहकारी आहे, त्याला लंचमध्ये फोटो दाखवला, म्हटलं खांद्यावर काय लिहिलंय बघ. त्याने फोन हातात घेतला, तिरका केला, उलटा केला, मग हसायला लागला तो थांबेचना. अक्षरं आरशातली होती! झालं काय असणार ते आम्ही दोघांनी मिळून लावलं. मेटने २०१७ पासून आपले फोटो सगळ्यांना फुकट वापरायला दिलेत, आमच्या दुकानदाराने तिथून निशापूरच्या *साच्याचा* फोटो घेतला असणार, भांड्याचा नाही. साच्यात अक्षरं उलटीच खोदावी लागतात, म्हणजे छाप सुलट येतो. याने साच्यावरची उलटी अक्षरं जशीच्या तशी भांड्यावर चढवली. फोटो आरशात धरल्यावर सहकाऱ्याने वाचून दाखवलं: "बरका". परत बरका. परत बरका. म्हणजे आपली बरकत हो! "बरका लि-साहिबिही", ज्याचं भांडं त्याला बरकत, असं पूर्ण वाक्यही त्या काळच्या वस्तूंवर खूप ठिकाणी असतं म्हणाला. म्हणजे मी ८२ डॉलर देऊन उलटी बरकत घरी आणली. नवऱ्याने हे वाक्य त्यानंतर आठवडाभर वापरलं.

पण हे तिन्ही दोष मी माफ केले असते, खरंच. २ स्टार दिलेत ते चौथ्या गोष्टीसाठी.

पाणी भरलं. दुपारी भरलं, संध्याकाळी प्यायले. कोमट. रूमचं जे टेंपरेचर तेच पाण्याचं, २४ ला २४. आणि पाण्याला वास, मातीचा नाही, भिंतीला रंग दिल्यावर येतो तसला काहीतरी. आतून सील केलंय म्हणजे कसलासा फूड सेफ सीलर फासलाय. आईला व्हिडिओ कॉल लावला, सुरई दाखवली.

"छान आहे की. पाझरते का?"

"नाही ना, लीकप्रूफ आहे."

आई थोडा वेळ गप्प बसली. "अगं बाई, पाझरत नाही तर मग ती सुरई कसली, बरणी आहे ती. लोणचं घाल."

झालं, आईने एका वाक्यात रिव्ह्यू संपवला, पण मी जरा जास्त शिकलेली असल्यामुळे मला पुढे वाचावं लागलं. पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून बाहेर येतं, बाहेर आल्यावर उडून जातं, उडताना उष्णता घेऊन जातं. १ ग्रॅम पाणी उडायला जवळजवळ ५८० कॅलरी उष्णता लागते, म्हणजे हिशोबाने १ लिटरमधलं फक्त १० ग्रॅम उडालं तरी उरलेलं पाणी ६ अंशांच्या आसपास उतरायला हवं. प्रत्यक्षात तेवढं उतरत नाही कारण बाहेरची गरम हवा परत तापवत राहते, ती ओढाताण चालूच असते. पण छिद्रच बुजवली तर ओढाताण नाही नि काही नाही, भांडं नुसतं शोपीस.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की निशापूरच्या कुंभाराला भांडं बंद करता येत नव्हतं असं अजिबात नाही. मघाशी सांगितले ते पांढरे वाडगे त्याच शहरातले, त्यांच्यावर काचेसारखी ग्लेझ आहे, थेंब बाहेर येणार नाही. आणि त्याच काळातली अजून एक गंमतशीर वस्तू असते, भोवऱ्यासारखी, वर गोल खाली निमुळती, तळहातात मावेल एवढी, जाडजूड, दगडासारखी कडक भाजलेली, तोंड अगदी बारीक. ती पण बिनग्लेझची, तिच्यावरही छापाची नक्षी असते. इजिप्तपासून मध्य आशियापर्यंत सगळीकडे सापडते आणि ती कशासाठी यावर विद्वानांची भांडणं अजून मिटलेली नाहीत, कुणी म्हणतं पारा ठेवायला, कुणी अत्तर, कुणी बिअरसारखं पेय, कुणी म्हणतं हातबॉम्ब. काही का असेना, ती पाझरू नये अशीच केलेली आहे. म्हणजे बघा, एकाच बाजारात न पाझरणारं हवं तर न पाझरणारं मिळत होतं. पाण्याची सुरई पाझरते ती कुंभाराला जमलं नाही म्हणून नव्हे, तिचं कामच ते. आणि ग्लेझ नसल्यामुळे स्वस्तही पडत असणार, राजवाड्यातच नाही तर चार पैसे असलेल्या कुणाच्याही घरात नक्षीची सुरई. अशा वस्तूला आतून सील मारून तिची "सुधारित आवृत्ती" काढणं म्हणजे छत्रीला भोकं पाडून हवेशीर म्हणून विकण्यासारखं आहे, फक्त उलट्या दिशेने.

इजिप्तवाल्या सहकाऱ्याकडूनही बरंच कळलं. त्यांच्याकडे याला कुल्ला म्हणतात, बोलताना क गाळून "उल्ला". त्याची आजी कनाजवळच्या गावातली आणि कना हे गाव उल्ल्यांसाठी नावाजलेलं. जुन्या घरांच्या लाकडी जाळीच्या खिडक्या असतात ना कैरोत, मश्रबिया, ते नावच पिण्यावरून पडलं असं सांगतात, कारण वारा येतो त्या जाळीत पाण्याची भांडी ठेवायची. आणि एक भारी म्हण सांगितली, नको असलेला माणूस घरातून गेला की त्याच्यामागे उल्ला फोडायचा, परत येऊ नये म्हणून. माझ्या पहिल्या सुरईचं भविष्य त्याने तिथेच ठरवून टाकलं होतं.

त्यानेच अजून एक दाखवलं, ज्यासाठी मी या दुकानाला वेगळा अर्धा स्टार कापावा का असा विचार करत होते. दुकानात "फुस्तात डिझाइन कोस्टर" म्हणून मातीच्या जाळीदार चकत्या आहेत, चारचा सेट. त्या मुळात कोस्टर नाहीतच! फुस्तात म्हणजे जुनं कैरो, तिथल्या पाण्याच्या भांड्यांत मान आणि पोट जिथे मिळतात तिथे मातीचीच जाळी बसवलेली असायची, किडा-मुंगी आत जाऊ नये आणि पाणी भसकन पडू नये म्हणून. त्या रुपयाएवढ्या-तळहाताएवढ्या जाळीत मोर, मासे, हत्ती, अक्षरं, भौमितिक नक्षी, काय वाट्टेल ते कोरलंय, आणि गंमत म्हणजे भांड्याच्या तोंडातून डोकावल्याशिवाय ती दिसतच नाही. पिणाऱ्याला तहान भागवताना दिसली तर दिसली. ढिगाने सापडल्यात, कारण सुरई फुटते पण ही चकती टिकते. आता तिच्यावर कॉफीचा मग ठेवा. असो. अर्धा स्टार नाही कापला, मी पण एक सेट घेतलाय.

तर दुकानदाराला मेल केला. सगळं लिहिलं, उभा सांधा, बुजके मणी, उलटी बरकत, सीलर. थोडा खवचट झाला होता मेल, कबूल. मला वाटलं उत्तर येणार नाही किंवा "आर्टिस्टिक व्हेरिएशन" असं काहीतरी येईल. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की अक्षरांचं खरंच लक्षात आलं नव्हतं, ३ वर्षं तशीच विकतोय, कुणीच बोललं नाही. (३ वर्षं! किती घरांत उलटी बरकत गेली असेल.) आणि सीलर लावतो कारण आधी लावत नव्हता तेव्हा लोक "लीक होते" म्हणून १ स्टार देऊन परत पाठवायचे. हे वाचून मात्र मला त्याची दया आली. म्हणजे दोष फक्त त्याचा नाही, भांडं कशासाठी आहे हेच गिऱ्हाईक विसरलंय आणि तो बिचारा रिटर्नच्या खर्चाने सील मारत सुटलाय. मीसुद्धा ते लीकप्रूफ वाचूनच बटण दाबलं होतं, तेव्हा फार बोलायला मला तोंड नाही.

त्याने ऑफर दिली की प्रदर्शनांसाठी तो काही नग हाताने दाबून करतो, दोन वाट्यांच्या पद्धतीने, तसा एक करून देईन, अक्षरं सुलटी करून, सीलर न लावता, पण गळण्याची गॅरंटी देणार नाही. मी लिहिलं, न गळण्याची गॅरंटी नको, गळण्याचीच दे. ९५ डॉलर, पहिलीचे २० वळते केले, ५ आठवडे लागतील म्हणाला, ७ लागले.

दुसरी सुरई दिसायला पहिलीपेक्षा गावठी आहे. किंचित तिरकी. पोटाचा आडवा सांधा हाताला लागतो. आत बोटं घातली तर दाबताना उमटलेले त्याचे बोटांचे ठसे लागतात, एका ठिकाणी तर अंगठ्याचा स्पष्ट खळगा आहे. मणी मात्र मणी आहेत, मोजता येतात. खांद्यावर ७ वेळा "बरका" आणि आठव्यांदा जागा संपल्यामुळे अर्धंच, "बर" वर कारभार आटोपलाय. मी तक्रार करणार होते, पण सहकारी म्हणाला की खऱ्या भांड्यांवरही असं असतं, शब्द मध्येच तुटलेले, काही ठिकाणी तर अक्षरांसारखं दिसणारं पण वाचता न येणारं काहीतरी. साचा करणाऱ्याला वाचता येत असेलच असं थोडंच आहे. मग ते तसंच आवडायला लागलं.

आईच्या सूचनेप्रमाणे रात्रभर बादलीत बुडवून ठेवली. साबण नाही, घासणी नाही. पहिली दोन पाणी फेकून दिली. बुडवताना जे बुडबुडे निघाले आणि जो वास सुटला, वळवाच्या पहिल्या सरीचा, तो आमच्या न्यू जर्सीच्या बेसमेंटमध्ये, मी तिथेच खाली बसले पायरीवर. नवरा वरून विचारतोय, काय फुटलं का.

आता खरी गोष्ट. दुसऱ्या दिवशी ओट्यावर कोरडी करून ठेवली, पाणी भरलं आणि खुर्ची ओढून समोर बसले. १५-२० मिनिटं काही नाही. मग नक्षीच्या खोलगट भागात माती गडद व्हायला लागली. आधी मण्यांच्या मधल्या फटी, मग वेलींच्या भोवतालची जमीन, मग अक्षरांच्या मागची पार्श्वभूमी. उंच भाग अजून कोरडे, फिकट. म्हणजे अख्खी नक्षी दोन रंगांत उमटली, काळसर जमिनीवर फिकट ससे पळतायत, फिकट अक्षरं! कारण उघड आहे, साच्यात दाबलेल्या भांड्याची भिंत खोलगट जागी पातळ असते आणि उठावाच्या जागी जाड, पातळ जागेतून पाणी आधी येतं. तासाभरात सगळी सुरई ओली होऊन परत एकरंगी झाली. पण तो मधला अर्धा तास! मला काही म्हणजे काहीच कल्पना नव्हती. म्युझियममधल्या सुरया आठशे-नऊशे वर्षं कोरड्या बसल्यात, त्यांच्यात कोण पाणी भरणार, आणि फोटोत तर ते दिसायची सोयच नाही. निशापूरच्या एखाद्या घरात कुणी सकाळी पाणी भरत असेल तर तिला हे रोज दिसत असणार. ओतीव पहिली सुरई सील नसती तरी हे झालं नसतं, कारण तिची भिंत सगळीकडे सारखीच जाड आहे.

आकडे ज्यांना हवेत त्यांच्यासाठी, घरच्या थर्मामीटरने घेतलेले, फार गंभीर होऊ नका. एसी चालू असलेल्या किचनमध्ये हवा २४, पाणी ५ तासांनी १९.५. डेकवर जुलैच्या दमट दुपारी हवा ३२, पाणी २८ च्या खाली जायला तयार नाही, कारण हवाच पाण्याने भरलेली, तिथे उडून जाणार कुठे. मुंबईच्या माठाची जी रड असते तीच. वजन काट्यावर करून बघितलं, ९०० मिली भरलं होतं, संध्याकाळपर्यंत ७० गेलं, त्यातलं चमचाभर खालच्या ताटलीत, बाकी हवेत. विनोद असा की जानेवारीत हीटर चालू असतो तेव्हा घर इतकं कोरडं होतं की सुरई खोरासानात असल्यासारखी काम करते, आणि तेव्हा गार पाणी कुणालाच नको असतं.

एक स्टार कापलाय तो दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे कान. सुरई भरल्यावर चांगली जड होते आणि कानात माझी दीडच बोटं जातात, एका हाताने ओतायचं म्हणजे कसरत, दुसरा हात बुडाला लावावाच लागतो. दुसरं म्हणजे तळ सपाट केलेला नाही, खाली चुंबळ किंवा जाडसर फडकं ठेवलं नाही तर डुगडुगते. खाली ताटली हवीच, लाकडी टेबलावर तशीच ठेवलीत तर पांढरा डाग पडेल, पडलाय. काही महिन्यांनी बाहेरून पांढरट मिठासारखा थरही येतो, पाण्यातले क्षार ते, ब्रशने झाडले की जातात. पण छिद्रं हळूहळू भरत जाणार, म्हणून ही काही जन्मभराची वस्तू नाही. आपण दर उन्हाळ्यात नवा माठ आणतो ते काय हौस म्हणून नाही आणत.

कुणी मागवणार असाल तर आधी विचारा: आतून काही लावलंय का, सांधा आडवा की उभा, हाताने दाबलंय की ओतलंय. आणि अक्षरं असतील तर फोटो वाचता येणाऱ्या कुणाला तरी दाखवा. त्याच दुकानात ममलूक सुलतानांच्या काळातल्या सीरियन कॅन्टीनची, म्हणजे प्रवासात पाणी न्यायच्या बाटलीची, पण नक्कल आहे, चपटी गोल, दोन्ही बाजूंना छापाची नक्षी, खांद्याला दोरी अडकवायला कान, ती मी घेणार होते, पण ती अजून सीलरवालीच येते. विचारलंय, बघू.

पहिली सुरई फोडली नाही. आईचं ऐकून लोणचंही घातलं नाही, त्या वासाच्या भांड्यात काय लोणचं घालणार, तिच्यात लाटणं, झारा आणि रवी उभी राहते, आणि त्या कामाला ती झकास आहे.

गेल्या शनिवारी सहकारी त्याच्या बायकोमुलांसकट जेवायला आला होता. दुसरी सुरई ओट्यावर होती. त्याने विचारलं पिऊ का, मी ग्लास काढायच्या आत त्याने दोन्ही हातांनी उचलली, आधी तोंडाशी नेऊन वास घेतला, मग आपल्यासारखंच ओठ न लावता वरून धार सोडून प्यायला. शर्टावर सांडलं. मग बायकोला अरबीत काहीतरी म्हणाला, तीही उठून आली, तिनेही तसंच केलं. जाताना दुकानाची लिंक मागितली. पाठवली, आणि खाली लिहिलं की सीलर नको हे दोनदा लिही.